बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटिज या गावी झाला. त्या वेळी त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. ख्रिस्त आपल्याला सापडला तो मात्र त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असे त्यांनी 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. आधी धर्म मिळाला, धर्माचा जीव नंतर मिळाला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. महाराष्ट्रात रमाबाईंवर जे लिहिले गेले त्यातले पुष्कळसे दोन सालांभोवती फिरते: 1883 चे धर्मांतर आणि 1893 चा शारदा सदनाचा वाद. या दोहोंच्या मध्ये आणि पुढे त्यांच्या आत जे चालले होते त्याला वर्तमानपत्रात जागा नव्हती. त्या आतल्या वाटेवरची चार ठिकाणे मी पाहिली, तीही सलग नव्हे, सवडीने आणि काही वर्षांच्या अंतराने. इथे ती रमाबाईंच्या क्रमाने येतात.

त्या क्रमाची सुरुवात पायी होते. अनंतशास्त्री डोंगरे या चित्पावन शास्त्र्याने आपल्या बायकोला संस्कृत शिकवले, त्यावरून गावाशी भांडण ओढवून घेतले आणि सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे बिऱ्हाड थाटले. तिथे 23 एप्रिल 1858 रोजी रमाचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब क्षेत्रोक्षेत्री पुराणे सांगत हिंडू लागले. देवळात किंवा घाटावर बसून पोथी वाचायची आणि लोक देतील त्यावर गुजराण करायची, हा त्यांचा शिरस्ता. 1874 च्या सुमारास दुष्काळात वडील गेले, मागोमाग आई आणि थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, त्यानंतर चार हजार मैलांच्या वर पायी चालली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नव्हते. तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे केले, त्यांत निजली आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. उपास, दाने, व्रते, स्नाने, जे जे ग्रंथांत सांगितले होते ते सगळे करून झाले होते. देव भेटला नाही, एवढेच त्यातून हाती आले. पुढे रमाबाईंनी ज्या ज्या मताची परीक्षा केली ती या अनुभवावर घासून केली. फळ दिसले नाही तर विधीला किंमत नाही, हा कस त्यांनी ख्रिस्ती धर्मालाही सोडला नाही.

1878 साली भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच शहरात त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थनासभा पाहिली. तो प्रसंग त्यांनी मोठ्या मिश्कीलपणे सांगितला आहे. सभेला आलेल्यांत काही जण ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले होते. त्यांनी चहा आणि बिस्किटे पुढे केली, तेव्हा कलियुग आले ते हेच, असे दोघांना वाटले. मग सगळे उठून खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसले. समोर मूर्ती नाही, चित्र नाही. तेव्हा हे लोक खुर्चीची पूजा करतात असा या भावंडांचा समज झाला. त्यांना संस्कृत भाषेतले बायबल भेट मिळाले. ते वाचायला बसल्यावर कळेना, कारण ज्या संस्कृतात त्या वाढल्या होत्या त्याच्याशी या संस्कृताचे गोत्र जुळत नव्हते. रमाबाईंनी पुढे मराठी बायबलाच्या भाषेसाठी जे कष्ट घेतले त्याचे मूळ या जागी असावे, असा माझा तर्क आहे.

कलकत्त्यातच केशवचंद्र सेनांनी वेदाची एक प्रत हातात ठेवली आणि वाचा म्हणून सांगितले. धर्मशास्त्रेही तेव्हाच वाचून झाली. त्या वाचनाचा निष्कर्ष कडू निघाला. शास्त्रकारांचे आपसांत शंभर गोष्टींवर पटत नाही. स्त्रिया आणि शूद्र यांना वेदाचा अधिकार नाही आणि म्हणून मोक्षाचाही थेट अधिकार नाही, एवढ्या एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचे एकमत. ज्या बाईने सगळे पाठ केले तिलाच त्या पाठांतराने दाराबाहेर काढले. जुन्या श्रद्धेतून त्या बाहेर पडल्या त्या इथे. नवी श्रद्धा अजून दूर होती. या मधल्या मुलखात माणसे बहुधा फार काळ राहत नाहीत. रमाबाई बरीच वर्षे राहिल्या.

1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या कायस्थ वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि त्या आसामातल्या सिलचरला राहायला गेल्या. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना एक लहानशी पुस्तिका सापडली: लूककृत शुभवर्तमान, बंगाली भाषेत. अॅलन नावाचे एक बॅप्टिस्ट मिशनरी घरी येत आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून देत. रमाबाईंना हे ऐकावेसे वाटे. नवरा मिशनच्या शाळेत शिकलेला, पण आपली बायको चारचौघांत ख्रिस्ती म्हणवून घेईल हे काही त्याला रुचण्यासारखे नव्हते. प्रश्न वाढण्याआधीच, फेब्रुवारी 1882 मध्ये, पटकीने त्याचा बळी घेतला. पदरी दहा महिन्यांची मनोरमा. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा, सगळे आठ वर्षांच्या आत गेलेले.

त्यानंतर पुणे. आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष, ‘स्त्री धर्म नीति’ हे पुस्तक, या सगळ्या 1882 मधल्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. श्रद्धेच्या दृष्टीने पुण्यात दोन माणसे महत्त्वाची. एक हरफर्डबाई, ज्या इंग्रजी शिकवता शिकवता मराठी नवा करार वाचून दाखवत. दुसरे नीळकंठशास्त्री गोऱ्हे. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला निघाला आणि 1848 साली स्वतःच नेहेमिया गोऱ्हे झाला. रमाबाई इंग्लंडला गेल्यावर त्यांच्या शंकांना इंग्रज विद्वानांची उत्तरे पुरली नाहीत. गोऱ्हेशास्त्र्यांची पत्रे कामी आली. चित्पावन शास्त्र्याच्या मुलीला चित्पावन शास्त्र्यानेच पटवले. तो वाद दोघांच्याही ओळखीच्या आखाड्यातला होता.

वाँटिजला रेल्वे नाही. लंडनच्या पॅडिंग्टनहून डिडकॉटला उतरायचे आणि तिथून बस धरायची. वाँटिज रोड नावाचे एक स्टेशन गावाबाहेर पूर्वी होते, ते 1964 साली बंद झाले. गाव आपल्याकडच्या तालुक्याच्या बाजारगावासारखे: मध्ये चौक, भोवती दुकाने, चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा. राजाचा जन्म या गावचा. पुतळा 1877 मध्ये बसवला, म्हणजे 1883 साली रमाबाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या तेव्हा तोही नवाच होता. चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाचे मठाचे आवार आहे. गावचे पाळक विल्यम बटलर यांनी 1848 साली हा संघ काढला. त्याच्या भगिनी पुण्यात काम करत होत्या, त्या ओळखीने रमाबाई इथे आल्या. आल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे, डॉक्टरकी शिकायला. कानांनी दगा दिला. बहिरेपण वाढत गेले आणि वैद्यकाचा विचार सोडावा लागला.

वाँटिजच्या मुक्कामात त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने आत्महत्या केली. ही घटना बाप्तिस्म्याच्या थोडी आधीची. तिचा आणि बाप्तिस्म्याचा संबंध अनेकांनी जोडला आहे, आणि परक्या मुलखात, अशा धक्क्यानंतर एकटी उरलेली विधवा दयेपोटी विरघळली असेही म्हटले गेले आहे. रमाबाईंचे स्वतःचे सांगणे वेगळे आहे आणि ते बाजूला सारण्याचे कारण दिसत नाही. वाँटिजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलम येथे पाठवले होते. तिथे या भगिनी ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक आश्रम चालवत. अशा बायकांना कोणी प्रेमाने सांभाळते हे रमाबाईंनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. त्यांनी विचारले, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईचा. पाच नवरे झालेली, जातीने हलकी समजली गेलेली बाई, आणि येशू तिच्याशी देवाच्या उपासनेविषयी बोलतो. कलकत्त्याच्या धर्मशास्त्रांत ज्या दोघांना दार बंद होते, बाई आणि हलक्या जातीचे माणूस, त्या दोघांची मिळून ही एक बाई. रमाबाईंना तिथे फरक दिसला. मग गोऱ्ह्यांची पत्रे आणि मग बाप्तिस्मा, मनोरमेसह.

मी गेलो तेव्हा वाँटिजच्या चर्चमध्ये सकाळच्या वेळी दोनच माणसे होती. त्यांपैकी एकजण फुले बदलत होता. पंडिता रमाबाईंविषयी विचारल्यावर त्याने सरळ दगडी बाप्तिस्मापात्राकडे बोट दाखवले आणि पुन्हा फुलांकडे वळला. बोलण्यासारखे त्याच्याजवळ अधिक काही नव्हते, आणि खरे तर त्या पात्राजवळही नाही. विधी झाला, पाणी वाळले. त्या भगिनीसंघाचीही पुढची हकीकत मोठी विलक्षण आहे. 2013 च्या पहिल्या दिवशी संघातल्या अकरा भगिनी अँग्लिकन पंथ सोडून रोमन कॅथलिक झाल्या. श्रद्धा एकदा ठरली म्हणजे ठरली, असे त्या मठाच्या भिंतींनाही म्हणता येणार नाही.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंचे भांडण सुरू झाले. 1884 ते 1886 त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या: शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. या काळातला वाँटिजच्या सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला पत्रव्यवहार 1977 मध्ये पुस्तकरूपाने आला. ज्यांना श्रद्धेची वाढ म्हणजे काय हे पाहायचे आहे त्यांनी तो वाचावा. त्रैक्याचा सिद्धांत कशावरून? कुमारिकेपोटी जन्म मानलाच पाहिजे का? चर्चने सांगितले म्हणून मानायचे तर मग ब्राह्मणाने सांगितले म्हणून मानण्यात काय वाईट होते? हा शेवटचा प्रश्न भगिनींना फार लागला. त्यांच्या दृष्टीने हा गर्व होता. रमाबाईंच्या दृष्टीने एका पुरोहितवर्गाच्या कह्यातून सुटून दुसऱ्याच्या कह्यात जाणे म्हणजे प्रवास फुकट जाणे. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, हाही वाद झाला: भारतीय ख्रिस्ताला संस्कृत समजत नाही काय? अंडी नकोत, मांस नको, पोशाख आपल्याकडचा. सिस्टर जेराल्डिन मायाळू होती, पण आपण शिष्येला घडवत आहोत असे तिला वाटत होते. शिष्या मात्र बायबल घेऊन स्वतःच स्वतःला घडवत होती. माझ्या मते ही आठ वर्षे वाया गेलेली नाहीत. शंका दाबून ज्यांनी चटकन ‘विश्वास आहे’ म्हटले त्यांच्या मानाने रमाबाईंनी वेळ जास्त घेतला आणि म्हणून जे मिळाले ते टिकले.

अमेरिकेचा टप्पा इथे थोडक्यात सांगणे पुरे. मार्च 1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तीन वर्षांत तो देश पालथा घालून परतल्या. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी दहा वर्षे पैसा देण्याचे वचन घेऊन एक मंडळ उभे राहिले. त्या प्रवासावर त्यांनी 1889 मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिले. मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना त्याचे नाव क्वचितच निघते, आणि ही उपेक्षा न्याय्य नाही.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी. 1890 च्या अखेरीस सदन पुण्यात आले. त्या वर्षीचे पुणे कसे होते हे गुरुवार पेठेत गेल्याने कळते. पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय तिथे आहे. त्याचा उंच घंटाघर-मनोरा पेठेतल्या घरांच्या वर डोके काढून उभा आहे. याच मिशनमध्ये ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटे झाली आणि रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. कलकत्त्यात जी बिस्किटे पाहून रमा डोंगरे हिला कलियुग आठवले, तीच बारा वर्षांनी पुण्याला पचली नाहीत. अशा गावात एक ख्रिस्ती विधवा ब्राह्मण विधवांचे वसतिगृह चालवते आणि तिथे धर्मप्रचार होणार नाही असे सांगते, यावर किती जणांचा विश्वास बसणार?

सदनात धर्मप्रचार होत नव्हता. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. 1891 च्या आसपास त्यांच्या हातात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’ हे आत्मचरित्र आले. हॅस्लमची गोष्ट फार चमत्कारिक. कॉर्नवॉलमधल्या बाल्डू गावी तो विधिवत दीक्षा घेतलेला, काटेकोर कर्मठ पाळक होता. 1851 साली एका रविवारी प्रवचन देता देता स्वतःच्याच शब्दांनी त्याला कळून चुकले की आपण जे सांगतो ते आपल्याजवळ नाही, आणि व्यासपीठावरच त्याचे हृदयपरिवर्तन झाले. पाळकाचे धर्मांतर झाले, असा समोर बसलेल्यांत गलका उठला. रमाबाई हे वाचून थांबल्या. आपणही तशाच. बाप्तिस्मा आहे, मत आहे, नाव आहे, काम आहे. सत्कृत्ये करून आणि योग्य मते बाळगून देव प्रसन्न करावा ही जी खटपट घाटांवर आणि क्षेत्री चालली होती, तीच आता ख्रिस्ती वेषात चालू आहे. पाप स्वतःच्या बळावर फिटत नाही, क्षमा ही मिळते, कमवता येत नाही, हे वाचून ठाऊक असलेले वाक्य तेव्हा त्यांच्यापुरते खरे झाले. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म नव्हे, ख्रिस्त हवा, असे त्यांनी म्हटले आहे. चार हजार मैलांच्या पायपिटीत जे घडले नाही ते खोलीत बसून एका पुस्तकाने घडले, असे म्हणण्याचा मोह होतो, पण ती पायपीट नसती तर पुस्तकातले वाक्य कळलेही नसते.

या बदलानंतर उघड्या दारातून काही मुली प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये बोभाटा झाला. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालकांनी वीसएक मुली काढून नेल्या. केसरीतली टीका प्रसिद्ध आहे. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की, मी कोणावर सक्ती करत नाही, पण दार लावून घेणार नाही. दोन्ही बाजूंनी पाहिले तर पालकांचा धसका खरा होता. आपली विधवा लेक शिकावी हेच त्यांनी मोठ्या धाडसाने ठरवले होते, तिचा धर्म बदलावा हे नव्हे.

लोणावळ्याला लोक आता चिक्की आणि पावसासाठी उतरतात. गेल्या शतकाच्या आधी इथल्या झाडीत मिशनरी मंडळींची वार्षिक शिबिरे भरत: तंबू, उघड्यावरची प्रवचने, पहाटेच्या प्रार्थना. ती नेमकी कुठली झाडी हे शोधण्याचा मी प्रयत्न केला आणि एका बंगल्याच्या राखणदाराच्या कुत्र्याने तो संपवला. 1893 च्या बोभाट्यानंतरच्या वर्षांत एकदा रमाबाई पंधरा ख्रिस्ती मुलींना घेऊन या शिबिराला आल्या. पहाटे एकांतात बसून त्यांनी देवाजवळ एक विचित्र मागणी केली: या पंधरांचा वर्ग कर. म्हणजे दोनशे पंचवीस. सदनात तेव्हा सगळ्या मिळून पन्नासही मुली नव्हत्या. गणितातली ही भाषा वाचून हसू येते, पण तीत एक गोष्ट दिसते. 1884 सालची रमाबाई देवाविषयी युक्तिवाद करत होती, लोणावळ्यातली देवाशी बोलत होती. पवित्र आत्म्याचा अनुभव या शिबिरांतच आला असे त्या सांगतात. वादपटू पंडिता आणि हट्ट धरणारी लेक एकाच बाईत नांदू लागल्या होत्या.

पुण्याहून दौंडकडे जाणारी सकाळची लोकल गाडी केडगावला जायला बरी. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव अशी स्टेशने मागे पडत जातात. शहर लोणीपर्यंत पाठ सोडत नाही, पुढे ऊस सुरू होतो. माझ्या डब्यात दुधाच्या रिकाम्या किटल्या, दौंडला निघालेले रेल्वेचे कामगार आणि परीक्षेची वही चाळणाऱ्या दोन मुली होत्या. आगगाडीचा डबा आणि मराठी ख्रिस्ती श्रद्धा यांचे नाते तसे जुने आहे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले, ते ख्रिस्तापर्यंत गेले, आणि उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली. टिळकांनी ती पेन्सिलीने खुणा करत वाचायला घेतली आणि मत्तयाच्या डोंगरावरील प्रवचनाशी ते खिळून राहिले. बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत. टिळकांची ओढ आधी, पाणी नंतर. रमाबाईंचे उलट. लक्ष्मीबाई टिळकांचे आणखी तिसरेच: नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने संसार मोडला, पाच वर्षे त्या कर्मठ हिंदू राहिल्या आणि मग आपल्या हिशेबाने, आपल्या वेळी, ख्रिस्ती झाल्या. मराठी ख्रिस्ती लोकांत ही तीन उदाहरणे इतकी ठळक असताना श्रद्धेची एकच ठरलेली पायवाट सांगणाऱ्या पुस्तिका कोणासाठी छापल्या जातात, हे कळत नाही.

केडगाव स्टेशन लहान आहे. आसपास गुऱ्हाळे आहेत, हंगामात वाऱ्यावर गुळाचा वास येतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरचा चौफुला इथून जवळ. तो लावणीच्या कलाकेंद्रांसाठी प्रसिद्ध आहे. रमाबाईंनी इथे घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन मुळात फळबागेसाठी होती. बोस्टनच्या मंडळाचे दहा वर्षांचे वचन 1898 मध्ये संपणार, तेव्हा संस्थेला स्वतःचे उत्पन्न हवे, असा व्यवहारी विचार. पण बाग फळाला येण्याआधी दुष्काळ आला. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात माणसे मरू लागली. आपल्या लहानपणीचा दुष्काळ आठवून रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे बायका-मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग होता आणि सरकार एवढी माणसे शहरात ठेवू देईना. म्हणून त्यांना केडगावच्या माळावर आणले. शारदा सदन शिक्षणासाठी होते. हे जगण्यासाठी. नाव पडले ‘मुक्ती’. ज्या शब्दाचा अधिकार शास्त्रांनी बाईला नाकारला होता, तोच शब्द त्यांनी माळावर पाटीसारखा रोवला. लोणावळ्याच्या मागणीतला आकडा भरला. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत दोन हजारांच्या घरात माणसे झाली.

एवढ्यांना रोज जेवायला घालायचे कशाने? या प्रश्नाचे उत्तर हा त्यांच्या श्रद्धेचा तिसरा टप्पा. ब्रिस्टलचे अनाथाश्रम चालवणारा जॉर्ज म्युलर, चीन इनलँड मिशन, नव्या हेब्रिडीजमधला जॉन पेटन यांच्या हकिकती त्यांनी वाचल्या होत्या. माणसापुढे हात पसरायचा नाही, गरज देवापुढे मांडायची आणि हाताने काम करत राहायचे, ही म्युलरची रीत. हिंदुस्थानात हे जमेल का, असा त्यांना प्रश्न पडला होता. केडगावात त्यांना ते जमवावे लागले. काम करत राहण्याचा भाग मात्र लोक विसरतात: विणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणी, छापखाना, शाळा. प्रार्थना पहाटे आणि मग दिवसभर चरख्यासारखे काम. कृपा सदन टाकलेल्या बायकांसाठी निघाले, म्हणजे फुलम आता पुणे जिल्ह्यात आले. प्रीती सदन म्हाताऱ्यांसाठी. आंधळ्यांसाठीच्या घराला यरीहोच्या आंधळ्या बार्तीमयाचे नाव.

1905 च्या घटनेविषयी दोन टोकांची मते आहेत. त्या वर्षी वेल्समधल्या धर्मजागृतीच्या बातम्या केडगावला पोहोचल्या आणि रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुली गोळा केल्या. 29 जूनच्या रात्री एका मुलीला आपल्या अंगात आग भरली आहे असे वाटले. दुसरीला ती आग दिसली आणि ती पाण्याची बादली घेऊन धावली. मग कित्येक आठवडे शेकडो मुली रडत, पापे कबूल करत, मोठमोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करत राहिल्या. पेंटेकॉस्टल पंथांच्या जागतिक इतिहासात केडगावचे नाव येते ते यामुळे. टीकाकारांना तो उन्माद वाटला, काही मिशनऱ्यांनाही वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. देवापुढे रडणे, नाचणे, टाळ्या वाजवणे हे या देशाला नवे नाही, इंग्रजी शिस्तीत प्रार्थना केली म्हणजेच ती खरी असे नाही, असा त्यांचा रोख होता. चेल्टनहॅमला लॅटिन अक्षरांवर अडून बसलेली बाई इथे पुन्हा दिसते. प्लेग आणि दुष्काळातून आलेल्या, आईबाप डोळ्यांदेखत गेलेल्या मुली इतक्या जोराने का रडल्या असतील, याचे एक साधे उत्तरही आहे, आणि ते दुसऱ्या उत्तराच्या आड येत नाही.

त्यानंतर रमाबाई हळूहळू बाहेरच्या जगातून निघाल्या. शेवटची पंधराएक वर्षे त्यांनी मुख्यतः एकाच कामाला दिली: बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी उतारवयात, कान जवळजवळ गेलेले असताना, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीची भाषांतरे पंडिती होती आणि मुक्तीतल्या शेतकरणींना समजत नव्हती. त्यांच्यासाठी साधे शब्द हवेत, आणि ज्या शब्दांना जुन्या धर्मकल्पना चिकटल्या आहेत ते नकोत, अशी दुहेरी अट त्यांनी घातली. ती फार अवघड आहे आणि भाषांतर वाचताना तिचे ओझे जाणवते. काही ठिकाणी वाक्य सुंदर सरळ जाते, काही ठिकाणी मूळ भाषेच्या निष्ठेपायी मराठी ताठरते. वाङ्मय म्हणून लक्ष्मीबाईंचे मराठी कितीतरी सरस. पण एका व्यक्तीने मूळ भाषांवरून केलेले, बायकांनी खिळे जुळवून, बायकांनीच छापलेले संपूर्ण बायबल ही गोष्ट मला दुसरीकडे आढळली नाही. 1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई केडगावातच वारल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर आले.

मुक्ती मिशन आजही चालू आहे. निराधार बायका-मुले तिथे राहतात, शिकतात, काम करतात. रमाबाईंची कबर केडगावलाच आहे. तिच्याजवळ मी पाचएक मिनिटे थांबलो. शेजारच्या इमारतीतून पाढे म्हणण्याचा आवाज येत होता, एकोणिसाच्या पाढ्यावर वर्ग अडखळत होता. कोणाला जायचे असेल तर आधी कळवून, परवानगी घेऊन जावे आणि कॅमेरा पिशवीत ठेवावा. ते संग्रहालय नाही, लोकांचे घर आहे. आणि केडगावला सगळ्या गाड्या थांबत नाहीत. परतीच्या लोकलची वेळ उतरल्याबरोबर स्टेशनवर विचारून घ्यावी.